पंचवीस सिगारची एक पेटी आणि सोलापूरचा मे महिना

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणारे एक मध्यम कारखानदार. जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्सटिल प्रदर्शनाला त्यांची फेरी ठरलेली. एका वर्षी परतताना त्यांनी डेव्हिडॉफ सिग्नेचर २००० या सिगारची एक लाकडी पेटी आणली. नग बरोबर पंचवीस, कारण २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे प्रवाशाला शुल्कमाफी २५ सिगारपर्यंतच होती.

आधी हा माल काय आहे ते नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्या स्वभावातूनच झाला. सिग्नेचर २००० ची लांबी ५ इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. जाडी ४३ रिंग. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा व्यास झाला सुमारे १७ मिलिमीटर. वरचे पान, म्हणजे रॅपर, कनेक्टिकट बियाण्याचे, पण इक्वाडोरमध्ये पिकवलेले. अमेरिकेतल्या कनेक्टिकट खोऱ्यात १९०० च्या सुमारास तंबाखूच्या शेतावर कापडाचे मांडव घालायला सुरुवात झाली. सावलीत वाढलेले पान पातळ, फिकट आणि बारीक शिरांचे निघते. इक्वाडोरात मांडवाचे हे काम आभाळच करते, तिथे वर्षातले बहुतेक दिवस ढगाळ असतात. रॅपरच्या आतले बांधणीचे पान, म्हणजे बाइंडर, आणि पोटातले भरण, म्हणजे फिलर, दोन्ही डॉमिनिकन.

झिनो डेव्हिडॉफ हे जिनिव्हाचे तंबाखू व्यापारी. त्यांच्या नावाचे सिगार आधी क्युबात बनत. दर्जा उतरला म्हणून १९८९ मध्ये त्यांनी एक लाख तीस हजारांहून अधिक सिगार जाळून टाकले आणि त्यानंतर उत्पादन डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हेंड्रिक केलनर यांच्याकडे नेले. सौम्य, मलईदार अशी या सिगारची आजची ओळख तिथे घडली. तोंडात येते ती साय, देवदाराचे लाकूड, वाळलेले गवत, भाजलेल्या बदामासारखी एक छटा आणि पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखा मातकट वास. तो मातकट वास ही या घराण्याची खूण. पहिल्यांदा ओढणाऱ्याला तो खटकतो, पुढे पुढे त्याच्याचसाठी लोक ही पेटी शोधतात.

सौम्य हा शब्द इथे चवीचा आणि निकोटिनच्या जोराचा आहे, आरोग्याचा नाही. सौम्य सिगारनेही तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो.

अडचण

जानेवारीच्या शेवटी कारखानदारांनी दोन सिगार घरच्या गच्चीवर ओढले. दोन्ही उत्तम निघाले: राख पांढुरकी आणि घट्ट, जळण सरळ, चव जशी सांगतात तशी. ही नोंद पुढे फार उपयोगी पडली. मालात मुळात खोट नव्हती याचा तोच एक पुरावा हातात होता.

त्यानंतर पेटी कारखान्याच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात गेली. "जरा हवा लागू दे" म्हणून त्यांनी सिगारवरचे सेलोफेनही काढून टाकले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे तीन महिने गेले. दिवसा एसी, रात्री एसी बंद.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुळजापूर रस्त्यावरच्या शेतावर तीन मित्र जमले. जेवायला काळे मटण, कडक भाकरी, शेंगा चटणी. जेवणानंतर तीन सिगार निघाले. टोपी, म्हणजे ओठात धरायचे बंद टोक, कापताना एकाचे रॅपर खालपर्यंत चिरले. दुसरा एका बाजूने भराभर जळत गेला. तिसरा पंधरा मिनिटांतच इतका तापला की बोटाला चटका बसू लागला. एका मित्राने तोंड वाकडे केले. "हे काय बे, नुसता कडू धूर. याच्यापेक्षा आपली विडी बरी." सगळ्यांचे मत एकच पडले: सौम्य सिगारला दमच नसतो, पुढच्या वेळी निकाराग्वाचा कडक माल आणावा.

शिल्लक होते वीस नग, आणि प्रश्न होता या विसांचे काय करायचे.

निदान

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या तपासणी विभागातले आर्द्रतामापक ऑफिसच्या कपाटात ठेवले. एसी बंद असताना दुपारी तीनला तापमान ३७ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता २१ टक्के. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे आकडे नवलाचे नाहीत.

यातली खरी गंमत टॉवेलवाल्यालाच कळावी. सूत आणि कापड तपासायच्या खोलीचे आंतरराष्ट्रीय मानकातले प्रमाण हवामान असे: २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रता. सौम्य सिगारलाही जवळपास हीच हवा लागते. लूमच्या शेडमधली आर्द्रता उतरली की ताण्याचे सूत तुटू लागते, हे सोलापुरात कोणत्याही विणकराला सांगावे लागत नाही. कोरडा पडलेला कापूस कमजोर होतो. कोरडे पडलेले तंबाखूचे पान ठिसूळ होते. तपासणी विभागातल्या सुतासाठी जी काळजी रोज घेतली जात होती, ती भिंतीपलीकडच्या कपाटातल्या पेटीसाठी कोणाच्या डोक्यात आली नाही.

कोरड्या सिगारमध्ये काय बिघडते? चांगल्या स्थितीत पानात साधारण १२ ते १४ टक्के पाणी असते. ते निम्म्यावर आले की पान भसाभस जळते आणि निखारा जास्त तापतो. साय, लाकूड, गवत या नाजूक वासांची द्रव्ये त्या उष्णतेत जळून जातात, मागे कडूपणा उरतो. कडक सिगारमध्ये लिगेरो, म्हणजे झाडाच्या शेंड्याकडची जाड, तेलकट पाने जास्त असतात. ती सावकाश जळतात आणि त्यांची चव इतकी भारी असते की थोडा कोरडेपणा तिच्याखाली झाकला जातो. सौम्य सिगारमध्ये लिगेरो बेताचा, त्यामुळे झाकायला काही नसते. दम नाही असे मित्रांना वाटले ते इथून. दम होता, तो फेब्रुवारी ते मे या काळात कपाटात उडून गेला होता.

शेतावर आणखी दोन गोष्टी आड आल्या. सिगारेटच्या सवयीने तिघेही पंधरा-वीस सेकंदांना झुरका घेत होते. या जाडीच्या सिगारला मिनिटाला एक झुरका पुरतो, आणि धूर छातीत घ्यायचा नसतो. दुसरी गोष्ट जेवणाची. शेंगा चटणीच्या तिखटावर आणि काळ्या मसाल्यावर इतका हलका धूर जिभेला लागतच नाही. हा सिगार सकाळी नाश्त्यानंतर दुधाच्या कॉफीबरोबर किंवा जेवणाआधी रिकाम्या जिभेवर ओढायचा.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय, वीसही नग टाकून द्यायचे आणि कडक जातीकडे वळायचे. सोपा होता. पण कपाट तेच राहिले असते तर कडक मालही पुढच्या मेपर्यंत वाळलाच असता, फक्त बोंब जरा उशिरा झाली असती.

दुसरा पर्याय स्टोअरकीपरने सुचवला. त्याच्या घरी विड्या वळतात. तेंदूपान वाळले की गोणपाट भिजवून त्यात गुंडाळतात, तासाभरात पान वळते होते. "मालक, टॉवेलचा तुकडा भिजवून डब्यात टाकू, उद्यापर्यंत नरम पडतील." विडीच्या पानासाठी ही रीत चोख आहे, कारण ते एकेरी पान असते आणि लगेच वळले जाते. सिगारमध्ये पानांचे अनेक थर घट्ट भरलेले असतात. बाहेरचा थर ओला, आतला कोरडा, मग आतला फुगतो आणि वरचे पातळ रॅपर फाटते.

तिसरा पर्याय वाइन ठेवायच्या छोट्या फ्रिजचा. थर्मोइलेक्ट्रिक जातीचा फ्रिज बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशच खाली जातो, म्हणजे एसी बंद असताना ३७ अंशांच्या ऑफिसात तो धापा टाकत राहणार. कॉम्प्रेसरचा फ्रिज थंड करतो, पण हवेतले पाणी ओढून घेतो. घरच्या फ्रिजची गत तीच, वर लसूण-मसाल्याचा वास.

चौथा पर्याय मोहात पाडणारा होता: तपासणीच्या खोलीतच ठेवायचे. हवा हवी तशी, खर्च शून्य. तो दोन्हीकडून नाकारला. तंबाखूचा वास टॉवेलच्या नमुन्यांना लागला असता, आणि साइझिंगचा, म्हणजे सुताला देतात त्या खळीचा, व मशीनच्या तेलाचा वास सिगारने पिऊन घेतला असता. तंबाखू आजूबाजूचा वास भराभर शोषते.

पाचवा, हवाबंद डबा आणि दुहेरी आर्द्रता पुड्या. या पुड्या आर्द्रता ठरलेल्या टक्क्यावर ठेवतात. कमी झाली तर पाणी सोडतात, वाढली तर ओढून घेतात. सिगार ठेवायचा खास लाकडी डबा, म्हणजे ह्युमिडॉर, दिसायला देखणा, पण त्याचे लाकूडच आधी पाणी पिते आणि झाकणातून हवा झिरपते. सोलापूरच्या उन्हाळ्यात प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा त्याच्यापेक्षा कैक पटींनी भरवशाचा.

कृती

इथे एक चूक झाली. पाचवा पर्याय ठरला होता, पण पुड्या मागवून यायला आठ दिवस लागणार होते. तेवढ्यात स्टोअरकीपरची रीत चार नगांवर करून पाहायचे ठरले. स्टीलच्या डब्यात ओला टेरीचा तुकडा, त्यावर जाळी, जाळीवर चार सिगार. दुसऱ्या दिवशी हाताला छान नरम लागले. तिसऱ्या दिवशी दोघांची रॅपरे उभी फाटली. सहाव्या दिवशी तिसऱ्याच्या खालच्या तोंडाशी हिरवट-पांढरी लव दिसली. ती बुरशीच होती. जुन्या सिगारवर कधी कधी पांढरी भुकटी येते, तिला काही जण चांगले लक्षण मानतात, पण लोकरीसारखी आणि रंगाची छटा असलेली लव दिसली तर शंका ठेवू नये. चौथा चांगला दिसत असूनही चारही टाकले, कारण बुरशीचे कण त्याच्यावरही बसलेले असणार. उरले सोळा.

पुड्या आल्यावर काम असे झाले.

सहा लिटरचा हवाबंद डबा साबणाने धुऊन दोन दिवस उघडा ठेवला. झाकण बंद करून दुसऱ्या दिवशी आत नाक घातले तरी प्लास्टिकचा वास येऊ नये, ही कसोटी. मूळ लाकडी पेटी आत ठेवली नाही, कारण कोरडे लाकूड पुड्यांचे पाणी आधी खाते.

छोटे डिजिटल आर्द्रतामापक विकत घेतले आणि मिठाने तपासले. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाणी घालत चिखलासारखे करायचे, मीठ पूर्ण विरघळू द्यायचे नाही. ते आणि मापक एका बंद पिशवीत चोवीस तास ठेवायचे. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. या मापकाने ७१ दाखवले, म्हणजे प्रत्येक वाचनात चार मिळवायचे. तपासणी विभागातल्या मापकाशी ताडून पाहिले तेव्हा तेवढाच फरक निघाला.

पहिल्या टप्प्याला ६० ग्रॅमच्या दोन पुड्या, ६२ टक्क्यांच्या. सोळा सिगार जाळीवर सुटे ठेवले, पुडीला एकही टेकू दिला नाही. दर तीन दिवसांनी झाकण मिनिटभर उघडायचे आणि प्रत्येक सिगार पाव वळसा फिरवायचा.

नरम पडले की नाही हे बोटांनी चेपून ठरवायचे नाही, असा निर्णय झाला. ठिसूळ रॅपर चेपण्यानेच फुटते, आणि बाहेरचा नरमपणा फसवतो हे त्या चार नगांनी दाखवले होते. त्याऐवजी चार सिगारच्या कागदी कड्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि आठवड्यातून एकदा सराफी काट्यावर तोलले. सुरुवातीला सरासरी ६.८४ ग्रॅम भरले. पहिल्या आठवड्याला ७.०३, दुसऱ्याला ७.१६, तिसऱ्याला ७.१९. वजन चढायचे थांबले, याचा अर्थ आतपर्यंत पाणी पोचले. मग ६५ टक्क्यांच्या पुड्या घातल्या. आणखी तीन आठवड्यांनी वजन ७.२७ वर स्थिर झाले. पूर्ण काम सहा आठवड्यांचे, जुलै उजाडला.

सत्तर न धरता ६५ का धरले? सत्तर हा आकडा पुस्तकी सल्ल्यात असतो, तो वीस अंशांच्या खोलीसाठी. खोली २८-३० अंशांची असेल तर सत्तर टक्क्यांवर बुरशी आणि किडा दोन्ही जागे होतात. शिवाय पातळ कनेक्टिकट रॅपर जास्त ओले असले तर पेटवल्यावर फुगून तडकते.

किड्याचा विचार इथेच करावा लागला. तंबाखूत बारीक तपकिरी भुंगेरा होतो, त्याची अळी सिगार आतून पोखरते आणि रॅपरवर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात. कोरड्या पानात त्याची वाढ खुंटते. म्हणजे सिगार ओले करून वाचवले की अंड्यांनाही हवी ती हवा मिळते, आणि तीही उबदार पावसाळ्यात. म्हणून गोठवायचे ठरले. कधी, हा प्रश्न महत्त्वाचा. कोरडे असताना गोठवले तर ते तडकतात, म्हणून वजन स्थिर झाल्यावरच. दोन झिपच्या पिशव्या एकात एक, हवा काढून. एक दिवस फ्रिजमध्ये, सात दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये, मग खोलीत. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडली नाही, नाहीतर बाहेरची दमट हवा थंड सिगारवर दवासारखी बसते.

शेवटचा निर्णय जागेचा. ऑफिस बाद. कारखानदारांचे जुने घर गावात आहे, जाड भिंतींचे, वर माळवद. मधल्या खोलीत मेच्या दुपारी ३० अंश आणि पहाटे २८. ऑफिसात एसी लावून-बंद करून दिवसाकाठी बारा-तेरा अंशांची उडी पडत होती. सिगारला उष्णतेइतकीच ही रोजची वर-खाली मारते, कारण डब्यातली आर्द्रता तापमानाबरोबर हलत राहते. डबा माळवदाच्या घरात, जमिनीलगतच्या कोनाड्यात गेला.

परिणाम

सोळांपैकी एकाच्या तोंडाशी केसाएवढी चीर पडली, बाकी पंधरा धड राहिले. ऑगस्टात एक ओढून पाहिला. ओढ मोकळी, जळण सरळ, राख पुन्हा घट्ट, कडूपणा गेलेला. लाकूड आणि गवत स्पष्ट. साय मात्र अर्धीच, आणि मातकट वास शोधावा लागत होता.

डिसेंबरात हुरड्याच्या वेळी त्याच तिघा मित्रांना चार नग दिले. या वेळी सकाळी, हुरडा भाजायच्या आधी, दुधाच्या कॉफीबरोबर. टोपी कापताना दोन मिलिमीटरच घेतले. शेतावरच्या वाऱ्यात जेट लायटरचा मोह होतो, पण त्याने पातळ रॅपर करपते, म्हणून आडोशाला बसून मऊ ज्योतीवर सिगारचे पेटवायचे तोंड आधी शेकून घेतले. प्रत्येक सिगार पन्नास मिनिटांच्या आसपास चालला. मेमध्ये विडी बरी म्हणणारा मित्र सिगारच्या मधल्या भागात गप्प बसून ओढत राहिला आणि शेवटी त्याने विचारले, हा तोच माल का?

तोच होता, पण पूर्ण तो नव्हता. पाणी परत देता येते, उडून गेलेली सुगंधी तेले देता येत नाहीत. याचा पडताळा पुढच्या वर्षी मिळाला. जानेवारीत त्याच जातीची नवी पेटी आली आणि थेट सेलोफेनसकट ६५ टक्क्यांच्या डब्यात, त्याच कोनाड्यात गेली. मेमध्ये जुन्या पेटीतला एक आणि नवीन एक एकाच सकाळी ओढले. नव्यात साय आणि अळंब्यांचा वास पहिल्या झुरक्यापासून, जुन्यात फक्त लाकूड आणि हलकी मिरी. वजनात दोघांचा फरक ग्रॅमच्या शतांशात होता.

वेगळे काय करता आले असते

फेब्रुवारीतच दोनशे-चारशे रुपयांचे मापक कपाटात ठेवले असते तर पहिल्याच आठवड्यात आकडा बोलला असता. सेलोफेन काढले ते चुकले. ते हवाबंद नसते, पण वाळणे बरेच सावकाश करते.

ओल्या टॉवेलचा प्रयोग चार नगांवर केला तो एकावर करता आला असता. पुड्यांची वाट पाहण्याच्या आठ दिवसांत सिगार आणखी बिघडणार नव्हते, जे जायचे ते गेलेच होते. त्यांना तसेच झाकून ठेवणे हेच त्या आठ दिवसांतले योग्य काम होते.

चिरलेला एक नग कदाचित वाचला असता, जर पहिला टप्पा ६२ ऐवजी ५८ टक्क्यांपासून सुरू केला असता. २१ टक्क्यांच्या हवेतून आलेल्या पानाला ६२ ही देखील मोठी उडी आहे. ५८ च्या पुड्या मिळतात, पण त्या वेगळ्याच कामासाठी विकतात, म्हणून तिकडे लक्ष गेले नाही. आठवडाभर जास्त लागला असता.

आणि शेतावरच्या त्या पहिल्या रात्री तीन वेगवेगळे सिगार तीन प्रकारे बिघडले, तेव्हाच मालाबद्दल मत न बनवता पेटी तपासायला हवी होती. खोट मालात असती तर तिन्ही सारखेच कडू, पण शाबूत निघाले असते. चिरणे, तिरके जळणे आणि तापणे एकत्र दिसले की आधी आर्द्रता पाहावी. माळवदाच्या कोनाड्यात आता दोन डबे आहेत. दुसऱ्यात निकाराग्वाचे कडक आहेत, आणि त्यांनाही ६५ च्याच पुड्या लावल्या आहेत.